सरकत्या दाराची मागची बाजू

शंकेखोर : रंगवायचंच असेल तर फाटक रंगवा, खिडक्यांचे गज रंगवा. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्या मधलं हे सरकतं दार तेवढं सोडा. ते चालतंय ते कशावर? वर एक पट्टी, पट्टीत दोन चाकं, आणि पल्ला व भिंत यांच्यात पाव इंचाची फट. तुम्ही त्या फटीत अस्तर घालणार, लांबी भरणार, वर रंगाचे दोन हात देणार, आणि दर तीन-चार दिवाळ्यांनी पुन्हा दोन हात. बिजागरीच्या दाराला रंग जाड झाला तर ते एका कोपऱ्यात अडतं, तेवढ्यावर रंधा फिरवला की सुटतं. सरकतं दार घासायला लागलं की सबंध अंगानं घासतं, जाताना आणि येतानाही. शिवाय कोऱ्या लाकडाला कोणी काही म्हणत नाही. रंगवलेल्या लाकडाचा टवका उडाला की पाहुणासुद्धा विचारतो, यंदा रंगरंगोटी नाही केली का? रंग लावून मोकळं होता येत नाही, बाप्पा. तो मागे लागतो.

हौशी : फटीचा हिशेब आधी करून टाकू. एनॅमलचा एक हात वाळल्यावर साधारण 30 मायक्रॉनचा उरतो. अस्तर धरून तीन हात म्हणजे जवळपास 100 मायक्रॉन, मिलिमीटरचा दहावा भाग. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर. आणि दर वेळी आधीचा थर काचपेपरनं घासूनच नवा हात देतात, त्यामुळे जाडी तुम्ही म्हणता तशी चढत जात नाही. रंगानं दार अडलं असं जिथं सांगतात तिथं नीट पाहा : काठावर ओघळ सुकलेला असतो, नाहीतर लांबी ढिगानं भरलेली असते. तो दोष हाताचा आहे. आता हे दार घरात का आलं, तेही आठवा. आपल्या चांदूर रेल्वेत नव्या ले-आउटमध्ये जी घरं झाली त्यांत बैठकीतच दिवाण, तिथंच कपाट, खिडकीला कूलर. अडीच फुटी दार बिजागरीवर उघडलं तर जमिनीचा पाव वर्तुळाचा तुकडा खातं, जवळपास पाच चौरस फूट. तेवढ्यात एक खुर्ची आणि शिलाई मशीन बसतं. जागेसाठी आणलेलं दार घरात सगळ्यात मोठं दिसतं, कारण ते उघडं असो की बंद, भिंतीला लागूनच असतं. बिजागरीचं दार उघडलं की कपाटाआड जातं आणि विसरलं जातं. हे विसरता येत नाही. सात फूट उंच, तीन फूट रुंद, तेही मळकट. त्याला मी रंग देऊ नये?

शंकेखोर : जाडीचा मुद्दा सोडतो. माझी खरी हरकत दुसरी आहे आणि ती आपल्या हवेची आहे. पुण्यामुंबईचे लोक समजतात, लाकूड फुगतं ते पावसाळ्यात. आपल्याकडे ते मे महिन्यातही फुगतं, आणि ते एकाच बाजूनं. बाहेर पारा पंचेचाळिशीला, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. अशात बैठकीतला कूलर दिवसभर भिजलेल्या ताटीतून ओली हवा फेकतो, ती दाराच्या बैठकीकडच्या अंगावर. पलीकडे गॅस पेटलेला, कोरडी धग. एकच पल्ला, एक गाल ओला, दुसरा भाजलेला. लाकूड रुंदीत फुगलं तर सरकत्या दाराचं काही बिघडत नाही, कारण ते चौकटीत बसतच नाही, भिंतीवर चढून राहतं. त्याला मारतो तो बाक. एक बाजू फुगली, दुसरी आक्रसली, की पल्ला धनुष्यासारखा होतो आणि मधलं पोट भिंतीला लागतं. तुमचे सहा मिलिमीटर तिथं संपतात. आता यात रंग काय करतो? रंग ओल थांबवत नाही, फक्त तिची ये-जा मंदावतो. दोन्ही बाजूंना सारखा असेल तर दोन्हीकडे सारखी मंदावेल, ठीक. पण सरकतं दार दोन्हीकडून सारखं रंगवलेलं तुम्ही पाहिलंय का? रंगारी येतो, दार अर्धं सरकवतो, पुढची बाजू मारतो, दुसरीकडे सरकवतो, उरलेली मारतो. मागच्या अंगाला भिंत आणि पल्ला यांच्या सहा मिलिमीटरांत ब्रश शिरत नाही. हात पोचेल तेवढी चार बोटं रंगवून तो डबा बंद करतो. मागची बाजू जन्मभर कोरी. म्हणजे बाक येऊ नये म्हणून लावायचा तो रंग, आणि त्यानंच बाकाची सोय करून ठेवली.

हौशी : हे तुम्ही दार रंगवण्याविरुद्ध बोललात, की दार न उतरवता रंगवण्याविरुद्ध? मला दुसरंच ऐकू आलं, आणि त्याला माझी पूर्ण संमती आहे. दार उतरवायचंच. पट्टीच्या टोकाचा स्टॉपर स्क्रू काढून बाजूला करायचा, खाली जमिनीत गाइड असेल तर तो सोडवायचा, दोघांनी दोन बाजूंनी धरून पल्ला थोडा तिरका करून वर उचलायचा, की चाकं पट्टीतून सुटतात. मग दोन स्टुलांवर आडवं. एकदा आडवं झालं की कळतं, आपण या दाराला कधी पाहिलंच नव्हतं. वरच्या काठावर धुळीचा नमद्यासारखा थर, त्यात पालीची चिकटलेली दोन अंडी, आणि त्याखाली लाकूड जसं करवतीतून आलं तसंच कोरं. खालचा काठ तर त्याहून वाईट, फरशी पुसताना दर वेळी पाणी प्यालेला, कोपऱ्यात काळा पडलेला. लाकूड ओल पितं ते सगळ्यात जास्त कापलेल्या टोकांतून, जिथं त्याच्या नळ्या उघड्या असतात. उभ्या पट्ट्यांची ती टोकं नेमकी या दोन काठांवर येतात. बैठकीतून दिसणाऱ्या अंगाला तीन हात आणि या काठांना शून्य, असं काम म्हणजे छत्री उघडून अनवाणी चिखलातून चालणं. मी काठांना आधी अस्तर देईन, तेही दोनदा. नंतर गाल.

शंकेखोर : आणि सागाचं काय कराल? पल्ला प्लायचा असला तरी कडेच्या पट्ट्या सागाच्या आहेत, परतवाड्याहून आणलेल्या. मेळघाटचं सागवान तेलकट असतं, म्हणून तर त्याला उधई सहसा लागत नाही. तेच तेल रंगाला नीट वाळू देत नाही, धरू देत नाही. आपल्या आजोबांनी सागाला कधी रंग लावला नाही. जवसाचं तेल चोळलं, फार झालं तर चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश केलं. जवस इथलंच, चटणीला लागायचं आणि दारालाही. त्या तेलाला टवका उडत नाही, कारण ते वर बसत नाही, आत मुरतं. सुकलं वाटलं की पुन्हा चोळा. घासणं नाही, लांबी नाही, दार उतरवणं नाही.

हौशी : तेलकट सागाला उपाय आहे. अस्तराच्या आधी टर्पेंटाइनच्या चिंधीनं दोनदा पुसायचं आणि लगेच अस्तर. जवसाचं तेल मलाही आवडतं, पण त्याची दुसरी बाजू सांगा की. ते वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं, आणि घेताना तापतं. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्या लागतात किंवा पाण्यात बुडवाव्या लागतात. स्वयंपाकघराच्या दाराशी हे सांभाळायचं. शिवाय फोडणीचा थर कोऱ्या लाकडावर बसला की तो तुमच्या तेलाबरोबर आत मुरतो. एनॅमलवर बसला तर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं निघतो. जिथं रोज मोहरी तडतडते तिथं पुसता येणं हीच मुख्य गोष्ट.

(इथं जवसाची बाजू जरा लवकरच सोडली गेली असं मला वाटतं. पण शंकेखोराला त्याहून मोठा मुद्दा मांडायचा होता.)

शंकेखोर : घासणं घासणं म्हणताय, ते काय घासताय हे ठाऊक आहे? या दारावर आधीचा एक पिवळा हात आहे, त्याखाली हिरवा. दोन्ही जुने. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर असू नये, म्हणजे वजनानं दहा लाख भागांत नव्वद, हा नियम आपल्या देशात 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या गडद पिवळ्या, लाल, हिरव्या एनॅमलमध्ये शिसं किती असायचं हे डब्यावर लिहिलेलं नसे. कोरडा काचपेपर मारला की तीच भुकटी हवेत, फरशीवर, आणि रांगणाऱ्या पोराच्या बोटांवर. शिसं लहान मुलांच्या मेंदूला काय करतं हे काही गुपित राहिलेलं नाही. जुना रंग जागच्या जागी घट्ट बसलेला आहे तोवर तो कोणाचं वाकडं करत नाही. तुमची हौस त्याला उठवणार.

हौशी : ही हरकत मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच हे काम घरात करायचं नाही. दार उतरवून अंगणात, आणि पाण्याचा पेपर, कोरडा नाही. भिजवत घासायचं, गाळ ओल्या कापडानं पुसायचा, कापड फेकून द्यायचं, पोरं तेवढे दिवस मामाकडे. जिथं रंग घट्ट आहे तिथं चकाकी मारण्यापुरतंच घासायचं, खरवडायचं नाही. नवा थर हा जुन्यावरचं झाकणच ठरतो. पण टवके तर आताच उडतायत. तुम्ही म्हणता जुना रंग निजलाय. तो निजलेला नाही. दर वेळी दार सरकतं तेव्हा काठ घासतो आणि थोडा थोडा खाली पडतो. काही न करणं हाही एक निर्णयच आहे, फक्त त्याची भुकटी एकदम दिसत नाही.

शंकेखोर : समजा सगळं केलं. कोणता रंग?

हौशी : पांढरा. अंधारं स्वयंपाकघर आहे, उजेड परतेल.

शंकेखोर : मग हे ऐका. तेलाच्या एनॅमलचा पांढरा अंधारात पिवळा पडतो. उन्हात रंग उडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, अंधारात पिवळेपणा चढतो हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. उजेड असला तर तो पिवळेपणा थोडा कापतो, नसला तर चढत जातो. बिजागरीच्या दाराला फरक पडत नाही, सगळ्याला सारखाच उजेड. सरकतं दार मात्र दिवसातले बारा तास अर्धं कपाटाच्या आड असतं. वर्षभरानं रात्री दार ओढून घ्याल तेव्हा अर्धा पल्ला पांढरा आणि अर्धा ताकासारखा, मधोमध कपाटाच्या कडेची सरळ रेघ. तेही लाकडाचं दुखणं नाही, रंगाचंच.

हौशी : पाण्यात पातळ होणारं अॅक्रिलिक एनॅमल घेईन. ते इतकं पिवळं पडत नाही आणि घरात वासही कमी. जुन्या तेलाच्या थरावर ते नीट धरायला घासणं आणि अस्तर लागतंच, ते तर मी करणारच होतो. पण खरं सांगू, ती रेघ मला वाईट वाटत नाही. दार कुठं उभं राहतं याची ती नोंद आहे. सरकतं दार म्हणजे हलणारी भिंत, आणि हलणाऱ्या भिंतीचं दुखणं जगाला नवं नाही. क्योतोचा निजो किल्ला घ्या. तिथली आतली दारं सरकती, कागद ताणलेल्या हलक्या चौकटींची, आणि त्यांवर 1626 साली कानो तान्यू आणि त्याच्या चित्रकारांनी सोन्याच्या वर्खावर पाइनची झाडं आणि ससाणे रंगवले. दार सरकवलं की एक झाड दुसऱ्याच्या मागं जातं. चित्रकाराला ते ठाऊकच होतं. त्यानं दार हलणार हे गृहीत धरून चित्र काढलं. आपण दार हलणार नाही असं समजून रंग लावतो आणि मग हलल्यावर तक्रार करतो.

शंकेखोर : तिथंही ऐका पुढचं. ती मूळ चित्रं आता दारांवर नाहीत. जपून ठेवायची म्हणून काढून संग्रहात नेली, आणि महालात नकला बसवल्या. रंग वाचवायचा तर दार बदलावं लागलं! आणि त्या दारांच्या खाचा पाहा, खालच्या लाकडी उंबऱ्यातल्या. त्या कोऱ्या. आपल्याकडेही तेच होतं. बाजारात जुनी फळ्यांची दुकानं होती, रात्री एकेक फळी खाचेत बसवून दुकान बंद व्हायचं. फळीवर रंग असायचा तो क्रमांकाचा, कोणती कुठं बसते हे कळायला. खाचेत कोणी ब्रश घातला नाही. जिथं लाकूड लाकडावर चालतं तिथं रंग नको हे दुकानदाराला शिकवावं लागलं नाही. आणि गावाच्या नावातच रेल्वे आहे म्हणून सांगतो : फर्स्ट एसीच्या केबिनचं दार सरकतं, त्यावर ब्रशनं रंग लावत बसत नाहीत. सनमायकासारखा गुळगुळीत पत्रा ठोकतात, पुसलं की झालं. हजारो हात रोज लागतात ना.

हौशी : खाच, पट्टी, चाकं कोरीच राहतील, हे मान्य. खाचेत मेणबत्ती घासेन, बस्स. पण सनमायका ठोकला तर एका बाजूला ठोकाल की दोन्ही? एकाच बाजूला ठोकला तर तुमचा बाक परत आला.

शंकेखोर : दोन्ही.

हौशी : पाहा, म्हणजे आपण फिरून तिथंच आलो. काहीही लावा, तेल लावा, रंग लावा, पत्रा ठोका, दोन्ही बाजूंना सारखं लावावं लागतं. आणि घरात कोणतीच गोष्ट दोन्ही बाजूंना सारखी लागत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत बैठकीकडच्या अंगाला नीट हात असतो, स्वयंपाकघराकडच्या अंगाला डब्यात उरलेला. एक लिटरच्या डब्यात एका दाराच्या दोन्ही बाजूंना दोन हात सहज होतात, म्हणजे रंग कमी पडतो असंही नाही. कमी पडतं लक्ष. पाहुणा बसतो तिकडून जे दिसतं त्यावर पैसा. जी बाई सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दुसरी बाजू पाहते, तिच्या बाजूला तेलाचे ओघळ आणि हळदीची बोटं, वर कोणी तरी म्हणतं, तिथं कोण पाहतं. लाकूड मात्र पाहतं. तिकडून कमी दिला की तिकडेच वाकतं.

शंकेखोर : हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण दोन्ही बाजूंना सारखा रंग दिला म्हणून दोन्ही बाजू सारख्या झाल्या असं मला नाही वाटत. आता तुम्ही दार उतरवणार. वाळायला, उलटवायला, पुन्हा वाळायला किमान तीन-चार दिवस. हाताला वाळलेला वाटणारा रंग आतून कडक व्हायला आठवडा घेतो, त्याआधी टांगलं तर चिकटेल, ओरखडे पडतील. तेवढे दिवस मध्ये दार नाही. तुम्हाला ते जमेल, तुम्ही बैठकीत बसता. नणंद आली, तिचे सासरे आले, चार पुरुष माणसं दिवाणावर बसली, की आत जी असते तिला पदर सावरून चहा करावा लागतो, ओट्याशी बसून दोन घास खायचे तर पाठ फिरवून. दार ही तिची सोय होती, तुम्ही ती आठवडाभर काढून घेताय, आणि काढून घेताना समतेचं बोलताय.

हौशी : हे लागलं. पण याच कारणानं कित्येक घरांत ती बाजू कधीच रंगत नाही, हेही तुमच्या बोलण्यातूनच निघतं. दार उतरवलं तर तिची गैरसोय, नाही उतरवलं तर तिच्या बाजूला कोरं. काळ निवडता येईल. दिवाळीच्या आधी सोयाबीनचे पैसे आले की सगळं गाव रंगवायला निघतं, रंगारी मिळत नाही, घरात पाहुणे भरलेले, हवेत ऑक्टोबरचा दमटपणा. ती वेळ नव्हेच. माघ-फाल्गुनात तूर घरात आलेली असते, हवा कोरडी, ऊन फार नाही, लग्नांची गर्दी अजून सुरू झालेली नाही. आमचा सुतार एक म्हणतो, 'दार आधी पावसाळ्यात पाहजा, मंग रंधा लावजा.' श्रावणात कुठं घासतं ते खुणेनं नोंदवून ठेवायचं, तासणं-रंगवणं फाल्गुनात करायचं. आणि रंगाऱ्याला बोलावणं अडचणीचं वाटलं तर घरच्यांनीच करायचं. गट्टू आठवतो ना? आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढलेलं ते पोरगं, हातात ब्रश आणि रंगाचा डबा. त्याच्याकडे पाहून वाटायचं, एवढंसं पोर रंगवतं तर आपल्याला काय अवघड आहे.

शंकेखोर : गट्टूच्या ब्रशवरून रंग टपकत होता, हेही आठवा! चेष्टा राहू द्या. तुम्ही फाल्गुन निवडला, जागा निवडली, पांढरा निवडला, पाण्याचा पेपर निवडला. सगळं बैठकीत बसून. ज्या बाजूबद्दल आपण इतका वेळ भांडतोय, त्या बाजूला उभी असते तिला एकदा तरी विचारलंय का, काय हवं? समजा दार उतरवल्यावर तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, राहू द्या असंच, आत हवा खेळते, तर तुम्ही काय करणार? उघडलेला डबा दुकानदार परत घेत नाही.

हौशी : ती असं म्हणेल असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्हाला दार रंगवायचं नाही. मला वाटतं ती म्हणेल हिरवा लावा, हळदीचे डाग दिसत नाहीत. दोघेही आपापलं तिच्या तोंडी घालतोय. तिला दार नकोसंही असेल, किंवा तिला ते आताहून जास्त हवं असेल.

शंकेखोर : जास्त म्हणजे?

हौशी : कडी. आत्ता कडी कोणत्या बाजूला आहे ते तुम्ही पाहिलंय का? बैठकीकडून आहे. तिकडून फक्त एक खाच, ओढायला. दार लावायचं की नाही हे इकडून ठरतं.

शंकेखोर : आणि तिकडून कडी मागितली तर?

हौशी : तर कडेच्या पट्टीत पटाशीनं नवी खाच पाडावी लागेल, आणि ती अस्तराच्या आधी पाडावी लागेल. रंगाच्या वर खाच पाडली तर कोरं लाकूड उघडं पडतं आणि ओल तिथूनच शिरते. म्हणजे विचारायचं ते दुकानात जायच्या आधी.